प्रिहातिनचं इंग्गीह

बापानं नाव ठेवलं प्रिहातिन. आमच्या जावाच्या भाषेत त्याचा अर्थ कष्टी, दुःख गिळून बसलेला. पोर जन्मलं तेव्हा तांदूळ महागला होता, छप्पर गळत होतं आणि सासरा मुक्कामाला येऊन हलायचं नाव घेत नव्हता. त्यामुळे बापाला दुसरं काही सुचलं नाही म्हणे. पुढे गोवरात पोराचे डोळे गेले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘नावातच होतं’ म्हणून बापाच्या माथी खापर फोडलं. पण नाव ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला होता. योग्याकार्ताच्या त्या नदीकाठच्या वस्तीत प्रिहातिनइतका खुशालचेंडू माणूस दुसरा झाला नाही. त्याला दुःखी करायचं काम लोकांनाच करावं लागलं आणि ते त्यांनी मनापासून केलं.

आंधळा म्हटलं की मालीशवाला, हे आमच्याकडचं गणित. प्रिह समोर आला की माणसं नकळत खांदा फिरवायला लागतात. आवाज जरा वाकडा आला, की प्रिह ओळखतो की समोरच्यानं मान पुढे केली आहे. “इथं जरा धरल्यासारखं झालंय, पाक,” असं पुढचं वाक्य ठरलेलं. पाक ही आमच्याकडे गृहस्थाला मारायची अदबीची हाक, बाईला बू. डॉक्टर असो, पोस्टमन असो, मुलीच्या शाळेचे मुख्याध्यापक असोत. अंधशाळेत सगळ्यांबरोबर प्रिहसुद्धा मालीश शिकला होता, नाही असं नाही. पण परीक्षेत ज्या मास्तरांची पाठ त्याच्या वाट्याला आली, ते नंतर बरेच दिवस डावीकडे बघत चालायचे. “तुझ्या हातात कला आहे पोरा,” ते कण्हत म्हणाले होते, “पण ती पाठीची नव्हे.”

ती लिहिण्याची निघाली. संसार मात्र चालत होता बायकोच्या हातगाडीवर. तुमिनी दुपार कलली की पुलाच्या तोंडाशी गाडी लावी. केळीच्या पानात बांधलेला मूठभर भात, ज्याला आम्ही मांजरभात म्हणतो, तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, आणि आल्याचा गरम काढा. काढ्याचं खातं प्रिहकडे. पेल्यात पडणाऱ्या धारेच्या आवाजावरून तो बरोबर काठापर्यंत भरे. गिऱ्हाइकं बाकावर बसून वस्तीतल्या भानगडी सांगत, प्रिह काढा ओतता ओतता त्या गोळा करी आणि सकाळी संगणकावर बसून लिहून काढी. संगणकातली बाई लिहिलेलं त्याला वाचून दाखवायची. तिचे उच्चार असे, की जणू जन्मात जावाचा भात न खाल्लेली कुणी परदेशी मडम. तुमिनी तिला ‘सवत’ म्हणायची.

“काय म्हणतेय तुमची सवत?” तुमिनी भात बांधता बांधता विचारी.

“सवत तुझी. माझी कशी होईल?” प्रिह म्हणे.

अशा रीतीनं प्रिहची कादंबरी तयार झाली. नाव ‘चौकी चोरीला गेली’. गोष्ट साधी. वस्तीत रात्री गस्त घालायला तिघं जण नेमलेले असतात. ते बांबूच्या चौकीत बसून राखण करतात, म्हणजे झोपतात. चोर येतात, घरांना कुलपं दिसतात, म्हणून निदान ही चौकी तरी नेऊ म्हणून तीच उचलून टेम्पोत घालतात, आतल्या तिघांसकट. पहाटे तिघं जागे होतात ते लांबच्या गुरांच्या बाजारात. बघतात तो आजूबाजूला वस्ती नाही, मशीद नाही, पूल नाही. मग त्यांची खात्री पटते, की रात्रीत सगळं गाव चोरीला गेलं आणि आपण होतो म्हणून चौकी तेवढी वाचली.

ही गोष्ट प्रिहनं गाडीवर तोंडी सांगितली, तेव्हा एका रिक्षावाल्याच्या नाकातून काढा आला होता. प्रिहच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पोचपावती. असंच अनोळखी माणसानं कुठेतरी पुस्तक उघडून हसावं, एवढीच त्याची हाव. मानपान नको, हारतुरे नकोत.

ही साधी हाव प्रकाशकांच्या पचनी पडेना. एकानं विचारलं, “तुम्हाला लिहून कोण देतं?” दुसरा म्हणाला, लेखन झकास आहे, पण लेखक आंधळा आहे हे कादंबरीत कुठेच येत नाही, ते कसं? प्रिहनं विचारलं, की गस्तवाल्यांच्या कादंबरीत लेखक कशाला यायला हवा? प्रकाशकानं सहानुभूतीनं त्याचा हात दाबला आणि जाता जाता खांदा फिरवून दाखवला. हीच अडचण त्याच्या मैत्रिणीचीही, म्बाक येकतीची, म्हणजे येकतीताईची. ती चाकाच्या खुर्चीत बसून कविता लिहिते आणि बहुतेक कविता तिच्या शेजारणीच्या कोंबड्यांवर. प्रत्येक संपादक तिला विचारतो, की ही कोंबडी म्हणजे तुमचे पाय का? “ती कोंबडी म्हणजे कोंबडी,” येकती सांगते. “शेजारणीची. घाण करते.” मग संपादक गंभीर होऊन मान हलवतात आणि कविता परत करतात.

शेवटी गेंतोंग प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी, बू हेरार्तींनी, प्रिहला बोलावलं. तुमिनी त्याला घेऊन गेली. दारावरच्या रखवालदारानं आत ओरडून विचारलं, की आज कुणी मालीशवाला सांगितलाय का? हा सलामीचा सोहळा उरकल्यावर दोघं आत गेली.

बू हेरार्ती बाई गोड. इतकी गोड, की तिच्याशी बोलून झाल्यावर चूळ भरावीशी वाटे. कादंबरी तिनं वाचली होती आणि तिला ती आवडलीही होती. फक्त एकच अडचण होती.

“यात वेदना कुठाय, पाक?” तिनं हळुवारपणे विचारलं.

प्रिह म्हणाला, चौकीत तिसऱ्या गस्तवाल्याच्या पायाला मुंग्या येतात, ते प्रकरण आहे. बाई हसली नाही. ती म्हणाली, तुमच्यासारख्यांच्या पुस्तकात लोक उमेद शोधतात. वाचकाचे डोळे भरून यायला हवेत. आईच्या अश्रूंवर एक प्रकरण घालाल ना? प्रिहच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं घरच्यांनी फक्त कांदा चिरतानाच पाहिलं होतं. तरी प्रिह नम्रपणे म्हणाला, “इंग्गीह.”

आता हे इंग्गीह जरा समजून घ्यायला हवं. मोठ्यांशी, परक्यांशी बोलायच्या आमच्या अदबीच्या भाषेत इंग्गीह म्हणजे होय. पण परक्याला नाही म्हणणं आमच्याकडे असभ्य, त्यामुळे ‘नाही’लासुद्धा इंग्गीहच म्हणतात. ‘बघू’ला इंग्गीह. ‘तुमचं डोकं फिरलंय’ यालासुद्धा इंग्गीह, फक्त मान जरा जास्त झुकवायची. खरं ‘नाही’ म्हणजे ‘ओरा’. तो शब्द घरचा. बायकोला, पोरांना, बकरीला. बाहेर तो काढला तर माणसं आईबापांचा उद्धार करतात.

प्रिहचं इंग्गीह म्हणजे ‘मेलो तरी नाही’. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं विचारलं, “म्हणजे पुस्तक आहे तसंच छापाल ना, बू?”

“इंग्गीह,” बू हेरार्ती म्हणाली.

दोघंही खुशीत उठली. स्वतःचं इंग्गीह माणसाला कळतं. समोरच्याचं मात्र त्याला खरं वाटतं. आमच्या मुलखातली निम्मी लग्नं अशीच ठरतात.

पुढे छपाईआधी तपासायची पानं संगणकावर आली. प्रिह हौसेनं कान लावून बसला. सवत म्हणाली, “चित्र.” त्यानं पान उलटलं. सवत म्हणाली, “चित्र.” गेंतोंगमधल्या कुण्या शहाण्यानं प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवला होता. आता फोटोतलं अक्षर सवतीला दिसतं थोडंच? कादंबरीच्या पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत ती बिचारी एकच शब्द वाचत गेली, तोही आपल्या मडमी उच्चारात.

प्रिहनं कळवलं, की फोटो नको, नुसता मजकूर पाठवा. उत्तर आलं, इंग्गीह. मग पुन्हा तीच पानं आली, या वेळी फोटो जास्त स्वच्छ होते. पुन्हा कळवलं. तिसऱ्यांदा रंगीत आले. तुमिनीला वाचायला सांगावं, तर तिच्या चष्म्यावर आदल्याच आठवड्यात प्रिह बसला होता. तिनं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

“अक्षरं आहेत,” ती म्हणाली.

“कसली अक्षरं?”

“बारीक.” आणि ती तेंपे तळायला निघून गेली.

अशात बू हेरार्तीचा फोन आला. तिचा आवाज घाईत होता, यंत्रावर कागद चढला होता. “पाहिलंत ना, पाक? सगळं ठीक आहे ना?”

आता सांगा, काय म्हणणार? पाहिलं नाही म्हटलं, तर बाईनं आंधळ्याला ‘पाहिलंत ना’ विचारलं हे तिच्या लक्षात येणार आणि ती शरमेनं मरणार. तुमच्या माणसांना साधा मजकूर पाठवता येत नाही म्हटलं, तर तिच्या माणसांची अब्रू जाणार. समोरच्याला ओशाळं करण्यापेक्षा आपण खड्ड्यात पडावं, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवतात. प्रिह पडला.

“इंग्गीह,” तो म्हणाला.

पुस्तकं आली. तुमिनीचा चष्माही आला होता. तिनं एक प्रत हातात घेतली आणि मुखपृष्ठ डोळ्यांजवळ धरलं. 

“काय आहे वरती?”

“एक म्हातारा आहे. डोळे मिटलेले. गालावर एक थेंब.”

“चौकी नाही?”

“नाही. पणती आहे.” मग तिनं नाव वाचलं. ‘काळोखातली पणती’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘अंतःकरणानं पाहणाऱ्या एका माणसाची कहाणी’. “हा म्हातारा कोण? तुमच्यापेक्षा बरा दिसतो.”

आत कादंबरी शब्दन् शब्द तीच होती, गस्तवाले, टेम्पो, गुरांचा बाजार. बाईनं आपलं इंग्गीह तेवढं पाळलं होतं. आईच्या अश्रूंचं प्रकरण प्रिहकडून आलं नाही, म्हणून प्रस्तावनेत तिनं स्वतःच रडून घेतलं होतं. प्रिहनं फोन केला, तर ती दुखावल्या आवाजात म्हणाली, की पानं तीनदा पाठवली होती, नाव पहिल्याच पानावर होतं आणि तुम्हीच इंग्गीह म्हणालात.

“नाही म्हणायला काय जीभ झडली होती?” तुमिनी कडाडली. “मला तर उठता बसता ओरा म्हणता. मीठ हवं का? ओरा. अंघोळ करणार का? ओरा. त्या बाईपुढे एकदा म्हणाला असतात तर?”

“ती परकी आहे गं, बुने.” बायकोला तो बुने म्हणे, पोरांची आई; ती त्याला पाकने, पोरांचा बाप.

“मग मलाही परकी समजा. जरा मान तरी मिळेल.”

‘काळोखातली पणती’ खपू लागली, हे आणखी वाईट. गाडीवर माणसं येऊन प्रिहचा हात हातात घेत आणि गप्प बसत. काढा निवून जाई. एका बँकेतल्या गृहस्थानं सांगितलं, की तो पुस्तक वाचून रडला.

“कुठे रडलात?” प्रिहनं विचारलं.

“सगळीकडेच, पाक.”

“चौकी उचलून नेतात तिथंसुद्धा?”

“तिथं तर फारच. बिचारे. डोक्यावरचं छप्पर गेलं हो त्यांचं.”

प्रिहनं त्याला काढ्यात साखर घातली नाही. एवढाच सूड त्याच्या हातात होता. तो लिहायचा बंद झाला. सवत दिवसदिवस मुकी बसू लागली. तिच्याशी जन्माचं वैर असलेली तुमिनीसुद्धा एकदा म्हणाली, “पाकने, तिला जरा बोलकं करा. घर सुनं वाटतंय.” प्रिह म्हणाला, की आंधळ्यानं लिहिलं की लोक पान वाचतच नाहीत, त्याचे डोळेच वाचतात. त्यापेक्षा मालीश बरी. निदान तिथं माणूस खरोखर कण्हतो.

मग गेंतोंगनं पुस्तकाची चिरफाड ठेवली. पुस्तकावर चर्चा करायची असली, की आमच्याकडे त्याला चिरफाडच म्हणतात, जणू पुस्तक टेबलावर निजवून पोट फाडायचं आहे. कार्यक्रमाचं नाव ‘सर्वांसाठी साहित्य’. जागा एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. जिना अरुंद, लिफ्ट नाही. म्बाक येकतीची खुर्ची जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकून थांबली. गेंतोंगची चार धडधाकट माणसं बाह्या सरसावून धावली, की आम्ही तुम्हाला उचलून नेतो.

“मी तांदळाचं पोतं आहे का?” येकती म्हणाली. “सर्वांसाठी आहे ना साहित्य? मग खाली आणा.”

साहित्य काही खाली आलं नाही. येकती अंगणात, गाड्या लावणाऱ्या माणसाच्या शेजारी, सभागृहाच्या उघड्या खिडकीखाली बसली. तिच्यासाठी खाऊचा एक पुडा दोरीनं खाली सोडण्यात आला. सर्वसमावेशकता म्हणतात ती बहुधा हीच.

वर बासरी वाजत होती. सभागृह भरलं होतं आणि लोक घरूनच रुमाल घेऊन आले होते. प्रिहला नाकं ओढल्याचे आवाज आतापासूनच येत होते. त्यानं तिसरा गस्तवाला आणि मुंग्या हे हुकमी प्रकरण सुरू केलं. गाडीवर ते सांगताना बाक हलायचा. इथं एक बाई हुंदका देऊन म्हणाली, “किती सोसलंय यांनी.”  पहिल्या रांगेत बसलेल्या तुमिनीनं दात ओठ खाल्ले. तिचे दात वाजले की तो ओळखतो.

तेवढ्यात बू हेरार्तीला कल्पना सुचली. तिनं माईक घेतला. आता पाच मिनिटं आपण सगळे डोळे मिटू या, ती म्हणाली, पाक प्रिह यांच्या जगात जाऊन बघू या. पाक वाचतील, आपण अंधार अनुभवू.

खुर्च्या कुरकुरल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. बासरी थांबली. प्रिहच्या मनात आलं, माझ्या जगात एकदम एवढी गर्दी कधी झाली नव्हती. आता इथपर्यंत आलेच आहेत, तर यांना काढा पाजूनच पाठवू. त्यानं प्रकरण बदललं. कागदाची गरज नव्हती. गुरांचा बाजार त्याला तोंडपाठ होता आणि तो गाडीवर सांगायचा तसाच सांगू लागला.

पहाट झाली. पहिल्या गस्तवाल्यानं, पाक कार्सोनं, चौकीतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. “दुल,” तो म्हणाला, “गाव नाहीये.”

“असेल हो. नीट बघा. अंधार आहे.”

“बघितलं. गाव नेलं कुणीतरी. मशीद, पूल, तुझं घर. तुझी बायकोसुद्धा नेली.”

दुलनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “चोर दोन दिवसांत परत आणून सोडतील.”

सभागृहात काहीच हललं नाही. मग खिडकीखालून, अंगणातून, म्बाक येकतीचं हसणं वर आलं. तिचं हसणं म्हणजे तिच्या कवितेतल्या कोंबड्यांना कुणी हुसकावल्यासारखं. पाठोपाठ गाड्या लावणारा हसला, शिट्टी तोंडात ठेवूनच. ती फुर्रर्र करून वाजली. आणि मागच्या रांगेत कुणाच्या तरी नाकातून आवाज निघाला. दाबलेला, ओशाळा, पण तोच, रिक्षावाल्याच्या जातीचा.

मग धरण फुटलं. समोर आंधळा माणूस दिसत नव्हता, त्यामुळे कीव करायची कुणाची ते लोकांना आठवेना. उरले होते ते फक्त पाक कार्सो, दुल आणि त्यांची चौकी. चौकीचं आता संग्रहालय करावं की गुरांच्या भावात विकावी यावर त्या दोघांचं भांडण लागलं, तेव्हा बँकेतले ते गृहस्थ खुर्चीवरून घसरले. रुमाल कामाला आले, पण वेगळ्या कारणानं. प्रिहचा आवाज चढत गेला. त्याच्या हातात काढ्याचा पेला असल्यासारखा तो हवेतच ओतत होता.

अचानक बू हेरार्तीचा गोड आवाज आला. “पाच मिनिटं झाली. आता आपण सगळे डोळे उघडू या.”

प्रिहला कळलं, आता काय होणार. डोळे उघडणार, लोकांना तो दिसणार, आणि कुणीतरी म्हणणार, किती सोसलंय यांनी. बाईनं अदबीनं विचारलं, “उघडू या ना, पाक?”

इंग्गीह जिभेवर आलं होतं. सवयीनं मानही झुकली होती. पहिल्या रांगेत तुमिनीचे दात वाजले.

“ओरा,” प्रिहातिन माईकमध्ये म्हणाला.

नवऱ्या मुलानं मांडवात उभं राहून नकार द्यावा, तसं झालं. हसणं थबकलं. मग कुणालातरी वाटलं की हा कादंबरीतलाच संवाद आहे आणि हसणं पुन्हा सुरू झालं. “अजून बाजार उठायचाय,” प्रिह म्हणाला. “मिटा परत. मिटा. हां.” आणि त्यांनी मिटले. शहाण्या मुलांसारखे मिटले. प्रकरण संपेपर्यंत एकानंही उघडले नाहीत. एकानं उघडले होते असं तुमिनी सांगते, पण तो खाऊचा पुडा शोधत होता.

कार्यक्रम संपल्यावर बू हेरार्ती घामाघूम होऊन आली. चारचौघांत ओरा ऐकायची तिला सवय नव्हती. तरी ती गोडच बोलली. ही डोळे मिटायची कल्पना किती छान, ती म्हणाली, आपण दर महिन्याला असा कार्यक्रम करू, तिकीट लावू.

प्रिह म्हणाला, पुढच्या छपाईत नाव ‘चौकी चोरीला गेली’. वरचा म्हातारा काढायचा. पानं मजकुरात पाठवायची, सवत वाचेल. आणि कार्यक्रम खालच्या मजल्यावर.

“इंग्गीह, पाक,” बाई म्हणाली.

“बू,” प्रिह म्हणाला, “इंग्गीह नको.”

बाई गडबडली. ती इंग्गीह, इंग्गीह करत राहिली आणि प्रिह नको, नको म्हणत राहिला. खालून येकती ओरडत होती की पुडा रिकामा झाला, दोरी वर ओढा. जिन्यात तुंबलेले लोक बाईला हाका मारत होते. गेंतोंगचा रखवालदार मध्येच खांदा फिरवत प्रिहच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. शेवटी बू हेरार्तीचा तोल गेला. तिच्या तोंडची साखर पार विरघळली आणि ती आपल्या भावंडांवर खेकसावं तशी, घरच्या भाषेत खेकसली, “यो! यो, यो, यो! कळलं! करते म्हटलं ना!”

यो म्हणजे हो. नुसतं, उघडं, बिनसाखरेचं हो. परक्या माणसाला कुणी असं म्हणत नाही.

जिना उतरताना प्रिह एकटाच हसत होता. तुमिनीनं विचारलं, त्या बाईनं तुमचा अपमान केला, त्यात हसायचं काय?

“या गावात खरा होकार हवा असेल, बुने,” प्रिह म्हणाला, “तर माणसाला आधी वैतागवून टाकावं लागतं.”

“मग माझे सगळे होकार खरे धरा,” तुमिनी म्हणाली. “आणि पायरी आलीय, बघून... सांभाळून.”